'परत', 'पूर्ववत', 'उलटवणे' : रिव्हर्टला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

तळटीप (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण हौसेने एका मोफत लेखन-सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो आहोत. शाळांतल्या जुन्या संगणकांवरही चालेल असं साधं सॉफ्टवेअर आहे. बहुतेक शब्द सुटले, गाडी अडली ती चार सख्ख्या भावंडांपाशी: अनडू, रिव्हर्ट, रिस्टोअर आणि रीसेट. चौघांतही मागे जाणं आहे, पण प्रत्येकाचं वेगळं. अनडू म्हणजे नुकतीच केलेली एक कृती मागे घेणं. रिव्हर्ट म्हणजे मधलं सगळं सोडून शेवटची जतन केलेली प्रत समोर आणणं. रिस्टोअर म्हणजे पुसलेलं मिळवणं. रीसेट म्हणजे सॉफ्टवेअर नवंकोरं असतानाच्या मांडणीवर जाणं.

माझा प्रश्न मुख्यतः रिव्हर्टबद्दल आहे. बदललेलं पुन्हा होतं तसं करणे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यातल्या एकाने 'परत बदला' सुचवलं. मला ते धोक्याचं वाटतं. "त्यांनी दुकानाचं नाव परत बदललं" हे वाक्य वाचून काय कळतं? जुनं नाव पुन्हा लावलं, की आणखी एक तिसरंच नाव ठेवलं? मला तरी आधी दुसरा अर्थ ऐकू येतो.

तुमच्याकडे, तुमच्या कामात, तुमच्या गावात यासाठी काय म्हणतात ते सांगा. कोशातल्या शब्दाला माझी ना नाही, पण वापरून गुळगुळीत झालेला शब्द मिळाला तर जास्त आनंद.

ओसरी:

'पूर्ववत' आहे की. "मध्य रेल्वेची वाहतूक पूर्ववत" हे दर पावसाळ्यात वाचतो. 'जनजीवन पूर्वपदावर' हा त्याचा भाऊ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यात हे दोन शब्द वर्तमानपत्रांत रोज होते. नवीन काही घडवायची गरजच नाही.

(पू दीर्घ. 'पुर्ववत' सगळीकडे दिसतं म्हणून आधीच सांगून ठेवते.)

पळसफूल:

आमच्या विदर्भात हा प्रश्नच येत नाही. आम्ही 'वापस' म्हणतो. 'वापस कर', 'वापस ये', 'वापस लाव'. 'पुन्हा' वेगळं आणि 'वापस' वेगळं, दोन्हींत गल्लत होत नाही. पुण्याकडच्यांना तो हिंदी वाटतो, मूळचा फारसी आहे. पण आमच्या आज्यांच्या तोंडी तोच होता, तेव्हा आम्हाला तो मराठीच. "नाव वापस पहिलंच ठेवलं" म्हटलं की संपलं.

तळटीप:

पळसफूल, हे फार मोलाचं. म्हणजे प्रमाण मराठीत 'परत' जी दोन कामं एकट्याने करतं, ती तुमच्याकडे दोन शब्दांत वाटली गेली आहेत.

घाटमाथा:

साताऱ्याकडे 'माघारी'. "माघारी फिर", "पैसं माघारी दे". 'माघारी' चा अर्थ 'पुन्हा एकदा' असा कधीच होत नाही, फक्त मागे. पण जाणं-येणं, देणं-घेणं यांच्याच जोडीला तो चालतो. "नाव माघारी बदललं" असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. तिथे "होतं तसं केलं" म्हणतील. खरं तर 'होतं तसं कर' हाच सगळ्या महाराष्ट्राला कळणारा रिव्हर्ट आहे.

मात्राविलासी:

'परत' बद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण तळटीप यांना जे खटकलं त्यामागे एक शिस्त आहे.

'परत' चा अर्थ तो स्वतः ठरवत नाही, शेजारचं क्रियापद ठरवतं. 'परत दे', 'परत घे' यांत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, म्हणून अर्थ सहसा 'मागे'. 'परत म्हण', 'परत लिही', 'परत मोज' यांत काहीच कुठून कुठे जात नाही, म्हणून अर्थ 'पुन्हा एकदा'. 'परत ये', 'परत पाठव' यांत दोन्ही शक्य. पाहुण्यांना निरोप देताना "परत या" म्हणतो तेव्हा पुन्हा येण्याचं आमंत्रण असतं. शाळेतून पोराला "सहाच्या आत परत ये" म्हणतो तेव्हा घरी येण्याचा हुकूम असतो.

आता 'बदलणे'. हे जाण्या-येण्याचं क्रियापद नाही, त्यामुळे 'परत बदल' ऐकल्यावर कान 'पुन्हा एकदा बदल' कडेच झुकतो. 'फिरून' चंही तेच आहे. जुन्या मराठीत 'फिरून' म्हणजे पुन्हा, आणि शब्दशः 'मागे वळून'.

गंमत अशी की नाम झालं की ही संदिग्धता जाते. परतीचा पाऊस, परतीचं तिकीट, कर परतावा, कर्जाची परतफेड: सगळीकडे फक्त 'मागे'. आणि 'परत परत' असं दोनदा म्हटलं की फक्त 'पुन्हा पुन्हा'. म्हणजे शब्द वाईट नाही, पण एकटा 'बदला' च्या आधी ठेवू नका. रिस्टोअरला मात्र 'परत आणा' उत्तम बसेल, कारण 'आणणे' ला दिशा आहे.

ओसरी:

आणि स्वयंपाकघरातलं परतणं?

मात्राविलासी:

भाजी परतणे म्हणजे खालचं वर, वरचं खाली करणे. दिशा तिथेही आहे. पण परतलेली भाजी पूर्ववत होत नाही, तेव्हा आपल्या कामाची नाही.

गावनमुना:

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण आमचं अर्धं आयुष्य बदल करणे आणि बदल मागे फिरवणे यातच गेलं.

जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद गाव नमुना 6 मध्ये होते. तिला फेरफार म्हणतात. खरेदीखत, वारस, वाटणी, बोजा, काहीही असो. तलाठी नोंद घेतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 150 प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबारावर नवीन नाव येतं आणि आमच्या वेळी जुन्या नावाला कंस व्हायचा. 'कंस केला' हा आमचा शब्द. नाव खोडायचं नाही, पुसायचं नाही, कंसात घालायचं. (2020 च्या नव्या नमुन्यापासून कंसाऐवजी आडवी रेघ मारतात.) सातबारा वाचता येणारा माणूस आधी कंसातलीच नावं वाचायचा, कारण जमिनीचा सगळा इतिहास तिथे असायचा.

आता समजा त्या फेरफारावर अपील झालं आणि प्रांतसाहेबांनी तो रद्द केला. आदेशात साधारण असं वाक्य येतं: "सदर फेरफार रद्द करण्यात येत असून अधिकार अभिलेख पूर्ववत करण्यात यावा." हा 'पूर्ववत' म्हणजे तुमचा रिव्हर्ट. पण तो होतो कसा ते बघा. जुना फेरफार नोंदवहीतून फाडत नाहीत. त्या आदेशाचा दाखला देऊन एक नवीन फेरफार घालतात. खरेदीदाराच्या नावाला कंस व्हायचा आणि मूळ मालकाचं नाव पुन्हा लिहिलं जायचं, आता नव्या फेरफार क्रमांकासह. जमीन होती त्याच्या नावावर गेली, पण कागद होता तसा झाला नाही. कागदावर दोन नोंदी वाढल्या. झालेला बदलही दिसतो आणि तो मागे फिरवलेलाही दिसतो. आणि तेच बरोबर आहे. कागद जर खरोखरच पहिल्यासारखा केला असता, तर मधल्या काळात त्या सातबारावर कोणी कर्ज काढलं, कोणी विसार दिला, याचा माग कुणाला लागला नसता.

म्हणून माझं मत असं की 'पूर्ववत' शब्द स्थितीबद्दल बोलतो. आधी होतं तसं आता आहे, एवढंच तो सांगतो. तिथपर्यंत कसं पोचलो, मधलं ठेवलं की मिटवलं, हे तो सांगत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मधलं लिखाण मिटणार असेल तर ते वेगळं आणि ठळक सांगायला पाहिजे. नुसत्या 'पूर्ववत' वरून पोरांना ते कळणार नाही.

तळटीप:

गावनमुना काका, हे वाचून अंगावर काटा आला. मी इतका वेळ शब्द शोधत होते, तुम्ही शब्दाचं काम दाखवलंत.

बिटबाइट:

काकांनी लिहिलंय ते आम्ही प्रोग्रामर रोज करतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं गिट नावाचं साधन आहे, त्यात दोन वेगळ्या आज्ञा आहेत. 'गिट रिव्हर्ट' जुनी नोंद हलवत नाही. तिच्या बरोबर उलट बदल करणारी एक नवी नोंद घालतं. अगदी नवा फेरफार. 'गिट रीसेट' मात्र खुणेचा दगडच मागे नेऊन ठेवतं, मधल्या नोंदी इतिहासातून गायब दिसतात. इतरांबरोबर काम करताना रिव्हर्ट करायचं, रीसेट करून आपली प्रत सगळ्यांच्या प्रतीवर ढकलायची नाही, हे नवीन मुलांना घोकून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी मी त्यांना सातबारा दाखवणार.

या कारणासाठी गिटच्या रिव्हर्टला मी 'उलटवणे' म्हणेन. एखाद्या विशिष्ट बदलाला उलट बदलाने काटायचं. तळटीप यांच्या सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ट वेगळा आहे, तो जतन केलेली प्रत नव्याने उघडतो. चित्रांच्या गिम्प या सॉफ्टवेअरमध्येही रिव्हर्टचा हाच अर्थ आहे. शब्द एक, कामं दोन, तेव्हा मराठीत दोन शब्द झाले तर बिघडलं कुठे?

संपादनप्रेमी:

मराठी विकिपीडियावर 2003 पासून लोक लिहीत आहेत, तिथे हा प्रश्न कधीच येऊन गेला. कुणी लेखात खोडसाळपणा केला की तो काढावा लागतो. मग लेखाच्या बदलांच्या इतिहासात 'उलटविले' अशी खूणपताका दिसते. एकाच सदस्याची लागोपाठची संपादनं एका टिचकीत मागे फिरवण्याची सोय आहे, तिला 'द्रुतमाघार' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द लढाईतला वाटला, पण वापरून वापरून आता आवडतो. 'पूर्वपदास नेले' हाही प्रयोग तिथे रुळलेला. आणि गावनमुना म्हणतात तसंच, मागे फिरवलेलं संपादनही इतिहासात कायम राहतं.

कचेरीवाट:

आमच्या ऑफिसात "बघून रिव्हर्ट करतो" म्हणतात. म्हणजे उत्तर देतो. इथे काही 'होतं तसं' होत नाही. हा भारतीय इंग्रजीतला अर्थ आहे आणि इंग्रजी कोशांनीही आता तशी नोंद घेतली आहे. त्यामुळे इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून टाका, असं कुणी सुचवणार असेल तर हा धोका लक्षात घ्यावा. आमच्या निम्म्या लोकांना 'रिव्हर्ट' चं बटण उत्तर पाठवायचं वाटेल.

सरकारी नोकरीत आणखी एक अर्थ आहे. तात्पुरती बढती मिळालेल्याला खालच्या पदावर आणलं की "त्याला रिव्हर्ट केलं" म्हणतात. शासकीय मराठीत ती पदावनती. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मूळ विभागात परतला तर ते प्रत्यावर्तन. एका शब्दात मान जातो, दुसऱ्यात फक्त टेबल बदलतं. दोघांना एकच शब्द लावला असता तर किती जणांची मनं दुखावली असती.

ओसरी:

आणि "बघून रिव्हर्ट करतो" ला "बघून कळवतो" हा किती छान शब्द आहे आपल्याकडे.

दिंडीदरवाजा:

वकिली करते, म्हणून एका जोडीकडे लक्ष वेधते: 'जैसे थे' आणि 'पूर्ववत'. अशील हे दोन्ही एकच समजतात आणि त्यातून फार मनस्ताप होतो.

शेजाऱ्याने तुमच्या हद्दीत भिंत घातली. तुम्ही कोर्टात गेलात. कोर्टाने 'जैसे थे' चा आदेश दिला. अशील पेढे घेऊन येतो, की आता भिंत पडणार! पण 'जैसे थे' म्हणजे आदेशाच्या दिवशी जे आहे ते तसंच राहू दे. भिंत आहे, तर भिंत राहणार. फक्त आणखी बांधकाम होणार नाही. भिंत काढून जागा पूर्ववत करून हवी असेल तर तशी वेगळी मागणी करावी लागते आणि ती मिळणं कितीतरी अवघड. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला तर त्या निकालामुळे गेलेलं परत मिळण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. तो निकाल झालाच नसता तर पक्षकार ज्या स्थितीत असते, तिथे त्यांना नेऊन ठेवायचं, असा त्याचा आशय.

मोठं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये अरुणाचल प्रदेशात 15 डिसेंबर 2015 ची स्थिती पूर्ववत केली आणि आधीचं सरकार पुन्हा आलं. 11 मे 2023 च्या महाराष्ट्राच्या निकालात मात्र न्यायालयाने म्हटलं की मुख्यमंत्र्यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिला होता, म्हणून परिस्थिती पूर्ववत करता येणार नाही. राजकारणात शिरायचं नाही, धागा भाषेचा आहे. पण राज्यपालांच्या बेकायदा ठरलेल्या आदेशामुळे झालेला बदल मागे फिरवता येतो आणि माणसाने आपल्या हाताने केलेला बदल तसा फिरवता येत नाही, हा फरक त्या दोन निकालांत उघड दिसतो.

मात्राविलासी:

दिंडीदरवाजा, यावरून 'पूर्ववत' मधला एक खड्डा दिसला. 'पूर्ववत होणे' म्हणजे बदललेलं मागे येणं. 'पूर्ववत राहणे' म्हणजे न बदलणं. शब्द तोच, क्रियापदाने अर्थ फिरला. सोसायटीच्या फळ्यावर "सोमवारपासून पाण्याची वेळ पूर्ववत राहील" अशी सूचना लागते तेव्हा पाणी दुरुस्तीच्या काळातल्या वेळेला येणार की त्याआधीच्या, यावर जिन्यात चर्चा रंगते. "पूर्ववत होईल" लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. तेव्हा बटणावर नुसतं 'पूर्ववत' कधीही लिहू नका, 'करा' हवंच.

आणि '-वत' चा अर्थ 'सारखं', मातृवत मधला. त्यामुळे 'पूर्ववतसारखं', 'पूर्ववत स्थितीप्रमाणे' यांत एकच गोष्ट दोनदा येते. संस्कृतात हलन्त, मराठीत पाय मोडायचा नाही, जसं क्वचित, अर्थात.

फळाखडू:

सहावी-सातवीच्या विज्ञानात हाच प्रश्न आहे. मेण वितळतं आणि पुन्हा गोठतं, हा परिवर्तनीय बदल. दुधाचं दही होतं, कैरी पिकते, हा अपरिवर्तनीय. दरवर्षी कुणीतरी पोरगी हात वर करते, "बाई, परिवर्तन म्हणजे बदल ना? मग अपरिवर्तनीय बदल म्हणजे न बदलणारा बदल?" तिचं बरोबरच असतं. 'परिवर्तन' मध्ये वळणं आहे, पण मागे वळणं आजच्या मराठीत कुणाला ऐकू येत नाही. मी वर्गात 'मागे फिरणारा बदल' आणि 'मागे न फिरणारा बदल' असं सांगते. व्याख्या पाठ करताना पुस्तकातला शब्द, समजताना हा.

मुलांसाठीचं सॉफ्टवेअर आहे म्हणून आवर्जून लिहिलं. त्यांना 'मागे फिरणे' लगेच कळतं.

पळसफूल:

माणूस सवयीवर परत गेला तर त्याला 'येरे माझ्या मागल्या' आहेच. बटणावर बसणार नाही, पण धाग्यात त्याची हजेरी लागलीच पाहिजे.

बिटबाइट:

एक व्यावहारिक अडचण. मुलांच्या हातात फोन असतो. मराठी फोनवर अनडूला बऱ्याच ठिकाणी 'पूर्ववत करा' दिसतं, असं मी पाहिलंय. तुमच्याकडे तेच शब्द रिव्हर्टला असतील तर मूल एक अक्षर मागे घ्यायला म्हणून दाबेल आणि अख्खा निबंध जाईल.

तळटीप:

बिटबाइट, ही भीती खरी आहे. ती आणि गावनमुना काकांचं म्हणणं एकत्र ठेवून असं ठरवते आहे.

अनडूला 'मागे घ्या'. उमेदवारी अर्ज मागे घेतो, शब्द मागे घेतो, तशीच एक कृती मागे घ्यायची. रिस्टोअरला 'परत आणा'. रीसेटला 'मूळ मांडणी लावा'. आणि रिव्हर्टला 'फाइल पूर्ववत करा'. 'फाइल' हा शब्द बटणावरच येईल, म्हणजे एका अक्षराचा नव्हे तर सगळ्या फाइलचा मामला आहे हे दिसेल. शिवाय हे बटण अनडूच्या शेजारी न ठेवता फाइलच्या यादीत खाली ठेवू.

दाबल्यावर विचारायचं वाक्य असं लिहिलंय: "फाइल शेवटच्या जतन केलेल्या स्थितीत पूर्ववत करायची आहे का? असे केल्यास त्यानंतरचे सर्व बदल गमावले जातील."

मात्राविलासी:

'स्थितीत पूर्ववत' काढा, वर लिहिलं तेच. आणि 'गमावले जातील' ही मराठीची चाल नाही. मराठीत माणूस गमावतो, वस्तू जाते.

घाटमाथा:

"शेवटची जतन केली तेव्हा फाइल जशी होती, तशी करायची का? त्यानंतर लिहिलेलं सगळं जाईल."

गावनमुना:

घाटमाथा यांचं वाक्य पक्कं करा. आणि जमलं तर पूर्ववत करण्याआधीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवायची सोय करा. नावाला कंस करायचो तशी. पोरगं रडत आलं तर बाईंना काहीतरी दाखवता येईल.

तळटीप:

घाटमाथा यांचं वाक्य जसंच्या तसं घातलं. प्रतीबद्दल आमच्या प्रोग्रामरला विचारलं, तो म्हणतो करता येईल, आठवडाभर ठेवून मग काढून टाकू. त्या प्रतींच्या कप्प्याला नाव हवंय. फळाखडू बाई, तुमच्या वर्गात 'कंसातल्या फाइली' कळेल का, की 'आधीच्या फाइली' बरं?

फळाखडू:

'आधीच्या फाइली'. सातबारा आठवीनंतर.